ओक्सीच्या कोटातली सालिका

तिर्मेनमध्ये भरदिवसा कुणाच्या दाराची घंटा वाजली, तर आतली माणसं दोनच शक्यता धरत: गॅसचा मीटर बघणारा, नाहीतर सालिका. मीटरवाल्याला दार उघडावंच लागे. सालिकाला उघडायचं ते केवळ माणुसकी म्हणून, आणि माणुसकीलाही घड्याळ असतं, हे सालिका आयमेतोव्ना चौदा वर्षांत शिकली होती. अकरा ते एक ही वेळ सगळ्यांत चांगली. त्याआधी लोक पुरते उठलेले नसतात, त्यानंतर जेवत असतात, आणि अंधार पडल्यावर दार उघडण्याइतकं कुणाचं कुणावर प्रेम नसतं.

प्रांताच्या राजधानीतली, उफातली एक संस्था दर वसंतात लोकांची मतं गोळा करायची, आणि तिर्मेनची मतं सालिका गोळा करायची. चाळीस फॉर्म. कुणाकुणाचे ते वरून ठरून यायचं: इतक्या बाया, इतके पुरुष, इतके तिशीच्या आतले, इतके साठीच्या पुढचे, शिवाय समाजांप्रमाणे बश्कीर इतके, तातार इतके, रशियन इतके, मग चुवाश, मग मारी. एक उद्मूर्तही लागायचा. तिर्मेनमध्ये उद्मूर्त एकच होता, तेव्हा गेली चौदा वर्षं उद्मूर्त जनतेचं मत म्हणजे बॉयलरदुरुस्ती करणाऱ्या एका माणसाचं मत होतं. ही जबाबदारी त्याने गंभीरपणे घेतली होती. सालिका यायची असली की तो दाढी करून बसे.

स्वतः सालिका मारी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा उत्तरेला सुरगुतमध्ये, तेलाच्या विहिरींवर. तो सणासुदीला फोन करी आणि "सगळं ठीक ना?" असं विचारी. या प्रश्नाला उत्तरांचे पर्याय नव्हते. त्याआधी सत्तावीस वर्षं ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोकांचं बोलणं जोडून द्यायचं, ऐकायचं नाही, असा तिथला नियम होता. तिने तो पाळला, म्हणजे ऐकलेलं कुणाला सांगितलं नाही. मग एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं आणि गावातली सगळी माणसं एकमेकांशी तिच्याशिवाय बोलू लागली. फॉर्मांचं काम मिळालं तेव्हा तिला पहिल्या दिवशी जे वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण ते साधं होतं: पुन्हा दारं उघडणार होती. वर्षातून तीन आठवडे का होईना.

यंदाच्या फॉर्मवर लिहिलं होतं: सामाजिक प्रश्नांकडे बघण्याचा लोकांचा दृष्टिकोन आणि आंदोलनाची शक्यता. चौतीस प्रश्न. पहिले तीस सगळ्यांना पाठ झाले होते. खरी अडचण शेवटच्या भागात होती.

"हमीत अगाय, प्रश्न एकतीस," ती म्हणाली. हमीत हा बश्कीर (त्यांच्यात अगाय म्हणजे दादा, आपाय म्हणजे ताई), निवृत्त ट्रॅक्टरचालक, अंगणात गाडीखाली आडवा झालेला. त्याचे फक्त नमद्याचे बूट दिसत होते, म्हणून ती बुटांना विचारत होती. "तुमच्या भागात लोक रस्त्यावर उतरण्याची शक्यता आहे का?"

"उतरतात की. फुटपाथ कुठेय?"

"आंदोलन म्हणून."

"आपाय, तू मला चाळीस वर्षं ओळखतेस."

"म्हणून नाही विचारत. कागदावर आहे म्हणून विचारते."

"मग लिही, मुळीच नाही. आणि नदीचं विचार ना."

"नदीचं विचारलेलं नाही."

"नदीचं विचारलेलं नाही?" बूट हलले. "मग काय विचारलंय?"

"पर्यायांच्या कार्डावर 'वाहतुकीच्या पायाभूत सोयी' असं आहे."

"ते काय असतं?"

"नदी."

"मग तसं सांग! तेच लिही. आणि बत्तीसला लिही, मी भाग घेणार नाही. मला कंबरेचं दुखणं आहे."

बत्तिसावा प्रश्न असा होता: असं आंदोलन झालं, तर तुम्ही स्वतः भाग घ्याल का? एक, नक्की घेईन. दोन, बहुधा घेईन. तीन, बहुधा घेणार नाही. चार, मुळीच घेणार नाही. पाच, सांगता येत नाही.

रिम्मा पेत्रोव्ना या शाळेच्या ग्रंथालयात होत्या. त्यांनी दाराची साखळी न काढताच उत्तरं दिली. "यात नाव नसतं ना?"

"नाव कुठेच नसतं."

"मग माझा फोन नंबर कशाला?"

"तपासणीला. मी खरंच आले होते का, ते विचारतात."

"म्हणजे नाव नसतं, पण फोन करून विचारतात की ती मीच का."

"हो."

"छान. मग लिहा, मी सगळ्यावर समाधानी आहे."

सालिकाने लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. टोपण लागल्याचा आवाज आला की तिर्मेन बोलू लागे, हे तिला माहीत होतं. साखळी निघाली, चहा आला, आणि रिम्मा पेत्रोव्नांनी पाऊण तास सांगितलं, की तिर्मेनचा प्रसूती विभाग बंद करून नदीपलीकडे नेला त्याला सहा वर्षं झाली, मग शल्यविभाग नेला, मग रुग्णवाहिका नेली, आणि त्यांच्या सुनेला बाळ मोटारीत झालं. सालिका ऐकत होती. फॉर्मवर त्याच जागी आधीच "आरोग्यसेवा: बऱ्यापैकी समाधानी" असं झालेलं होतं. समाजांचे आपसातले संबंध कसे आहेत, यालाही त्यांनी "चांगले" म्हटलं होतं. टोपण लागल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, की चुवाश लोकांनी कुत्री बांधून ठेवली तर अजून चांगले होतील. चुवाशांनी हेच तातारांच्या कोंबड्यांबद्दल सांगितलं होतं.

नदीची गोष्ट अशी. तिर्मेन बेलायाच्या डाव्या काठावर, आणि इस्पितळ, कोर्ट, बँक, सगळं उजव्या काठावर. उन्हाळ्यात तरंगता पूल असतो. हिवाळ्यात बर्फावरून वाट. पण मार्चअखेर बर्फ पोचट होतं, काठावर लाकडी अडसर लावतात, आणि तिथून मेच्या मध्यापर्यंत, पूल जोडला जाईतोवर, तिर्मेन हे बेट असतं. तसं वरच्या अंगाला एक पक्का पूल आहे; त्याला वळसा घालायचा तर एकशे चाळीस किलोमीटर. इथेही पक्का पूल होणार आहे. त्याचा पहिला खांब रोवलेला आहे आणि त्याचं दोनदा उद्घाटन झालेलं आहे. त्याच्यावर एक राखाडी बगळा बसतो.

एकोणचाळीस फॉर्म झाले तेव्हा मार्चची एकोणीस तारीख होती. एकच उरला: बाई, मारी, साठीच्या पुढची, एकटी राहणारी. ही जागा तेरा वर्षं ओक्सीची होती.

ओक्सी यानबायेव्ना शाळा गरम ठेवणाऱ्या भट्टीवर कामाला होती. सालिकापेक्षा एका वर्षाने मोठी, तेवढ्याच उंचीची, आणि आवाजाने दुप्पट. ती दोन घरं टाकून राहायची. तिचा फॉर्म सालिका मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवायची, म्हणजे नंतर कुठे जायचं नसे. मैत्रिणीला प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम होता. पण मग तिर्मेनमध्ये विचारायचं कुणाला?

"बत्तीस," सालिका म्हणायची.

"नक्की घेईन!" ओक्सी म्हणायची. "किती वाजता आणि कुठे, ते सांग. आणि खुर्ची आण. माझ्याने उभं राहवत नाही."

"ओक्सी, नीट सांग."

"नीटच सांगतेय. एक नंबर. गोल कर."

"असं कुणीच सांगत नाही गं."

"मग बरंच आहे, माझं उठून दिसेल. कर गोल, सालिका, नाहीतर धिरडं मिळणार नाही."

सालिका पेन टेकवी, धिरडं खाई, आणि घरी गेल्यावर पाच नंबरला गोल करी: सांगता येत नाही. तेरा वर्षं. बाकी एकाही उत्तराला तिने कधी हात लावला नव्हता. दुसरे सर्वेक्षक घरबसल्या दहा-दहा फॉर्म स्वतःच भरतात, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याची तिला लाज वाटे. ओक्सीच्या पाच नंबराची मात्र वाटत नसे. ते तिला काळजी घेण्यासारखं वाटे, म्हणजे एखाद्याला गार वाऱ्यात न विचारता शाल पांघरावी तसं.

मागच्या वर्षी नऊ एप्रिलला ओक्सीच्या छातीत दुखलं. नदीत बर्फाचे तुकडे चालले होते. दवाखान्यातल्या नर्सने फोन केला, पलीकडून रुग्णवाहिका निघाली, एकशे चाळीस किलोमीटर वळसा घालून साडेतीन तासांनी पोचली आणि ओक्सीला घेऊन पुन्हा तेवढंच परत निघाली. सालिका सोबत होती. ओक्सीच्या खिडकीतून पलीकडच्या इस्पितळाची चिमणी दिसायची. त्या दिवशीही दिसत होती. एका पेट्रोल पंपाशी ओक्सी म्हणाली, "आपण उलट्याच दिशेने चाललोय ना गं?" त्यानंतर काही म्हणाली नाही.

मारी लोकांत चाळिसाव्या दिवशी मेलेल्या माणसाला घरी जेवायला बोलावतात. कुणीतरी त्याचे कपडे घालतं. नात्यातलं नसलेलं, त्याच्या वयाचं, शक्यतो त्याच्या चणीचं. मग ते जेवण संपेपर्यंत तो माणूस तो नसतोच. त्याला मेलेल्याच्या नावाने हाक मारतात, त्याचा आवडता घास पुढे करतात, तिकडचं विचारतात, आणि तो उत्तर देतो. ओक्सीचे कपडे सालिकाने घालावेत, यावर चर्चासुद्धा झाली नाही. तपकिरी, कापूस भरलेला, मोठ्या बटणांचा कोट.

"ओक्सी, तिकडे कसं आहे?" ओक्सीच्या चुलतबहिणीने विचारलं.

"गर्दी आहे," कोट म्हणाला. "पण सगळे ओळखीचे."

लोक हसले, रडले. हे ओक्सीचंच होतं, सगळ्यांनी मान्य केलं. मग शेवटचा प्रश्न, जो नेहमी विचारतात: "आमच्यावर राग नाही ना? कशाची तक्रार नाही ना?"

सालिकाला ओक्सीचं उत्तर माहीत होतं. ते ओठापर्यंत आलं होतं. पण समोर चाळीस माणसं धिरडी हातात धरून बघत होती आणि सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं. सत्तावीस वर्षं एक्स्चेंजमध्ये आणि तेरा वर्षं फॉर्मांवर काढलेल्या बाईच्या तोंडून ते आपोआप आलं. "नाही गं," ती म्हणाली. "कसली तक्रार."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कोट सालिकाला मिळाला. तशीच रीत आहे. खिशात ओक्सीचा फोन होता. तो परत द्यायला गेली तर ओक्सीचा भाचा म्हणाला, "राहू दे, अका. जुना आहे." मग ती तो चार्ज करत राहिली. त्याच्यावर औषधाच्या दुकानाचे संदेश येत. ऑगस्टमध्ये ओक्सीला वाढदिवसाची दहा टक्के सवलत मिळाली. सालिकाने ती वाचली आणि फोन परत कोटात ठेवला. पण त्या वर्षात ती "कसली तक्रार" हे दोन शब्द बऱ्याचदा ऐकत होती, स्वतःच्याच आवाजात. मेलेलं माणूस एकदाच जेवायला येतं. दुसऱ्यांदा विचारता येत नाही.

तर एकोणीस मार्च. मारी बायका पलीकडच्या काठावरच्या गावात हव्या तेवढ्या होत्या. पण यंदा ऊब लवकर आली आणि त्याच दिवशी सकाळी काठावर अडसर लागला. फॉर्म पंचवीसपर्यंत उफाला पोचायचे होते. तिर्मेनमध्ये साठीपुढची, एकटी मारी बाई आता एकच उरली होती, आणि तिला स्वतःलाच प्रश्न विचारायला मनाई होती.

सालिकाने धिरडी केली, ओक्सी करायची तशी, तीन पदरी. कोट अंगात घातला, सगळी बटणं लावली. मग फॉर्म समोर ठेवला आणि नियमाप्रमाणे प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचला. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी खोटा फॉर्म भरतेय. सालिकाला तसं वाटलं नाही. खोटा फॉर्म म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तसे तिने तेरा भरले होते. चौतीस प्रश्नांना पाऊण तास लागला, कारण ओक्सी प्रत्येक प्रश्नावर काहीतरी बोलायची. बत्तीसला तिने एक नंबरला गोल केला. पेन कागदातून आरपार गेलं.

फोन नंबराच्या चिठ्ठीवर तिने ओक्सीचा नंबर लिहिला आणि सगळ्या फॉर्मांचे फोटो काढून उफाला पाठवले.

तपासणीचा फोन तीन दिवसांनी आला. सालिका फ्ल्यूराच्या दुकानात पावाच्या रांगेत होती. फोन कधीही येईल म्हणून ती कोट घालूनच बाहेर पडायची, आणि कोटाच्या खिशात एक जुनं लोकनृत्याचं संगीत वाजायला लागलं, तसं रांगेतल्या तिघांनी मान वळवली. तो सूर गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"तिर्मेनहून बोलताय का?" पलीकडे कुणी तरुण मुलगा होता. "आपल्याकडे सर्वेक्षणासाठी कुणी आलं होतं का?"

सालिकाने रांगेकडे पाहिलं. रांगेने सालिकाकडे.

"आलं होतं," ती म्हणाली. आवाज आपोआप दुप्पट झाला. "आणि नीट विचारलं. चहा घेतला, तीन धिरडी खाल्ली."

"धिरड्यांचा रकाना नाहीये," मुलगा म्हणाला. "बत्तिसाव्या प्रश्नाला तुम्ही एक सांगितलंत. बरोबर आहे?"

"बरोबर आहे. किती वाजता आणि कुठे, तेवढं सांगा."

"ते आम्ही आयोजित करत नाही," मुलगा घाईघाईने म्हणाला आणि आभार मानून त्याने फोन ठेवला.

रांग पुढे सरकली. सालिकाची पाळी आली तेव्हा फ्ल्यूराने पांढऱ्या पावाशेजारी एक काळा, राय धान्याचा पावही ठेवला.

"मी हा नाही सांगितला," सालिका म्हणाली.

"ओक्सी आपाला काळा लागायचा," फ्ल्यूरा म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

खरा फोन सत्तावीस तारखेला आला, सालिकाच्या स्वतःच्या नंबरावर. उफाहून लियाना मार्सोव्ना. ती सगळ्या जिल्ह्यांचं काम बघायची. चाळिशीची, नेहमी घाईत, मनाने वाईट नाही.

"सालिका आयमेतोव्ना, तुमच्या चाळिसाव्या फॉर्मात बत्तीसला एक आहे."

"हो."

"सहाशे फॉर्मांत एकच आहे."

"मग?"

"मग तक्त्यात ओळ येते. शून्य असतं तेव्हा ती ओळ छापतच नाही. आता 'नक्की घेईन' अशी ओळ छापावी लागेल, पुढे शून्य पूर्णांक दोन टक्के. वर कुणीतरी ते वाचणार आणि विचारणार, कोण हे?"

"नाव नसतं ना."

"नाव नसतं," लियाना म्हणाली. "बाई असतं. मारी असतं. साठीपुढची, एकटी, तिर्मेन. किती आहेत अशा?"

सालिका खिडकीपाशी उभी होती. "एक," ती म्हणाली. "मी."

"तेच. म्हणून तुमच्यासाठी सांगतेय. 'सांगता येत नाही' करते मी. पाच. दरवर्षी तुमच्याकडे ते असतंच एक."

"ते करू नका."

"का?"

"ते तिचं उत्तर नाही."

"कुणाचं? आणा तिला फोनवर. मी बोलते."

"ती वारली."

"कधी? तपासणीच्या मुलाने तर बावीसला फोन केला होता."

"मागच्या एप्रिलमध्ये."

एक्स्चेंजमध्ये असताना अशा शांततेत सालिका तार तुटली का ते बघायची.

"तुम्ही?" लियाना म्हणाली. "चौदा वर्षांत तुमचा एक फॉर्म कधी परत आला नाही. तुम्ही मेलेल्या बाईच्या नावाने? आणि भरायचाच होता तर चार लिहायचं ना हो! बाकीचे स्वयंपाकघरात बसून पोत्याने भरतात, मी त्यांना पकडू शकत नाही, कारण ते सगळे चार लिहितात. म्हणजे आता माझ्याकडे असं आहे, की सगळ्या जिल्ह्यांतली आंदोलनाची सगळी शक्यता तिर्मेनच्या मारी दफनभूमीत आहे."

"हो," सालिका म्हणाली. "डाव्या हाताला, बर्चच्या झाडाखाली."

लियानाला हसू आलं असावं. ते तिने खोकल्यात घातलं. "ऐका. तो फॉर्म मी रद्द करते. जागा रिकामी राहता कामा नये. उद्यापर्यंत दुसरा पाठवा. स्वतःचाच भरा, वय बसतं, समाज बसतो, मी बघितलं नाही. पण शहाण्यासारखा भरा. समजलं ना? तुमचं काम टिकावं असं मला वाटतं."

"समजलं."

सालिकाने कोरा फॉर्म घेतला. कोट खुंटीवर होता. तो तिने घेतला नाही. समोर कुणी नव्हतं, तरी तिने पहिला प्रश्न मोठ्याने वाचला: एकंदरीत आपल्या आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात? आणि मग ती बसून राहिली. चौदा वर्षांत साडेपाचशेहून जास्त वेळा तिने हे विचारलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी तिने "फारशी नाही" वर गोल केला आणि चोरी केल्यासारखं दाराकडे पाहिलं.

सातव्या प्रश्नाचं कार्ड तिला पाठ होतं: तुमच्या भागातल्या मोठ्या अडचणी, अठरा पर्याय, तीन निवडा. महागाई, रस्ते, आरोग्य, वाहतुकीच्या पायाभूत सोयी. तिने अठराही पुन्हा वाचले. संध्याकाळी दोन माणसांचा स्वयंपाक करायची सवय मोडत नाही, असं त्यात कुठे नव्हतं. "इतर" समोर तिने लिहिलं: नदी. अक्षर एक्स्चेंजच्या नोंदवहीतल्यासारखं, सुटं सुटं.

बत्तीसशी आली तेव्हा दुपार कलली होती. शहाण्यासारखं म्हणजे काय, ते तिला पुरेपूर माहीत होतं. पाचला गोल केला असता तर पुढच्या मार्चमध्ये हमीतचे बूट, रिम्मा पेत्रोव्नांची साखळी, दाढी केलेला उद्मूर्त, सगळं असतं. न केला तर दिवसभरात टीव्ही, आणि सणाला "सगळं ठीक ना?" एवढंच.

तिने प्रश्न मोठ्याने वाचला. मग उत्तर दिलं, तेही मोठ्याने, आणि त्याचा आवाज तिला अनोळखी वाटला, कारण तो ओक्सीचा नव्हता.

एक नंबर. चिठ्ठीवर स्वतःचा फोन. फोटो काढून पाठवला. लियानाचा निरोप दुसऱ्या दिवशी आला: "मिळाला." चार दिवसांनी दुसरा आला: पुढच्या वर्षीपासून काम टॅब्लेटवर होणार आहे, त्यासाठी तरुण माणसं घेत आहोत, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल मनापासून आभार. ओळ छापली की नाही, ते त्यात नव्हतं.

नऊ एप्रिलला सालिकाने ओक्सीचा कोट घातला, ओक्सीच्या भाच्याकडून मागून आणलेली तिची घडीची खुर्ची काखेत घेतली आणि काठावर गेली. बत्तिसावा प्रश्न "असं आंदोलन झालं, तर" असा होता. ते झालेलं नव्हतं. पण नीट विचार केला, तर ते व्हायला निदान एक माणूस तिथे असायला लागतो, हे सर्वेक्षण करणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

अडसराशेजारी तिने खुर्ची मांडली. नदीत बर्फ चाललं होतं, दारं लावल्यासारखे आवाज येत होते. पलीकडे इस्पितळाची चिमणी होती, अलीकडे खांबावर बगळा. सालिकाने पाटी वगैरे आणली नव्हती. काय लिहायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

काठावरच्या रस्त्याने लोक जात होते. रिम्मा पेत्रोव्नांनी तिला लांबून पाहिलं आणि दुकानाकडची गल्ली धरली. दोन चुवाश बाया एकमेकींशी जोरजोरात बोलत, तिच्याकडे न बघता पुढे गेल्या. उद्मूर्त थांबला, हनुवटीवरून हात फिरवला, दाढी केलेली नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तोही मागे फिरला. हमीत गाडीतून आला. काच खाली केली, पण गाडी थांबवली नाही.

"आपाय!" तो ओरडला. "माझं झालंय गेल्या महिन्यात! सगळं सांगितलंय!"

"माहीत आहे!" सालिका ओरडली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. सालिका खुर्चीवर बसली, कोटाची वरची दोन बटणं लावली आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिली. ती अकराला आली होती. एक वाजेपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं. ही वेळ सगळ्यांत चांगली असते.